केबलवरील कार्यक्रम रेकॉर्ड करण्यासाठी घरी कोणता बॉक्स घ्यावा? (नाशिक)

गोदाकाठ

नमस्कार. इंदिरानगरला आमच्या घरी केबलची जोडणी आहे आणि ती बदलण्याचा सध्या तरी विचार नाही. आईचे वय ७८ आहे. संध्याकाळी सात ते साडेआठ ती भजनी मंडळात असते आणि तिच्या दोन मालिका नेमक्या त्याच वेळात लागतात. मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे. महिन्यातले पंधरा दिवस दुसरी पाळी असल्याने संध्याकाळचे क्रिकेटचे सामने मला दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातच वाचावे लागतात. या दोन कारणांसाठी केबलला जोडता येईल असा रेकॉर्डर घ्यावा, असे घरात ठरले आहे.

तिसरे कारण मात्र मला या दोहोंपेक्षा मोठे वाटते. आईचे माहेर पंचवटीतले. चैत्रातल्या कामदा एकादशीला काळाराम मंदिरापासून रामरथ आणि गरुडरथ निघतात. लहानपणी तिने तो रथोत्सव घराच्या ओट्यावरून पाहिलेला आहे, पण आता गुडघ्यांमुळे तिला त्या गर्दीत नेणे शक्य होत नाही. आमच्या केबलवरील स्थानिक वाहिनी हा उत्सव दाखवते. तो एकदा नीट रेकॉर्ड व्हावा, आईला हवा तेव्हा पाहता यावा आणि पुढेही घरात राहावा, अशी माझी इच्छा आहे.

गेल्या शनिवारी एम. जी. रोडवर तीन दुकाने पालथी घातली. ‘डीव्हीआर (डिजिटल व्हिडिओ रेकॉर्डर) दाखवा’ म्हटल्याबरोबर तिन्ही ठिकाणी सीसीटीव्हीचा डीव्हीआर समोर आला. एकाने ‘किती कॅमेरे बसवायचे आहेत?’ असे विचारले, तर दुसऱ्याने तोच डबा केबललाही चालेल, असे छातीठोकपणे सांगितले. तो खरोखर चालतो का? चालत नसेल तर केबलसाठी नेमके काय घ्यावे, हार्डडिस्क ५०० जीबीची घ्यावी की १ टीबीची, आणि केलेले रेकॉर्डिंग दहा वर्षांनी पाहता येईल का? अनुभवी सदस्यांनी कृपया सविस्तर लिहावे.


नोडवाला

मी पूर्वी बरीच वर्षे केबलच्या धंद्यात तांत्रिक काम केले आहे, म्हणून थोडे मुळापासून लिहितो.

आधी त्या दुकानदाराविषयी. तो पूर्णपणे खोटे बोललेला नाही. सीसीटीव्हीच्या साध्या डीव्हीआरमध्ये सेट टॉप बॉक्सची पिवळी पिन योग्य कनेक्टर लावून घातली, तर बहुतेक वेळा चित्र उमटते. परंतु तो डबा कमीत कमी जागेत महिनाभराचे चित्रण बसवण्यासाठी बनवलेला असतो, त्यामुळे चित्र खरखरीत येते, आवाजासाठी वेगळी तार ओढावी लागते, वाहिनी तो स्वतः बदलू शकत नाही आणि डिस्क भरली की जुने आपोआप पुसून त्यावर नवे लिहितो. रथोत्सव जपण्यासाठी हा शेवटचा गुण फारच घातक आहे.

आता मुख्य मुद्दा. दुकानातून आपल्या पसंतीचा रेकॉर्डर आणावा आणि केबलची तार थेट त्यात खोचावी, ही सोय आपल्याकडे राहिलेली नाही. ॲनालॉगच्या काळात ती होती. तार व्हीसीआरमध्ये किंवा संगणकाच्या टीव्ही ट्यूनर कार्डात घातली की काम होत असे. पुढे सरकारने केबलचे डिजिटायझेशन, म्हणजे सेट टॉप बॉक्सवरून डिजिटल प्रसारण, टप्प्याटप्प्याने सक्तीचे केले. त्याच्या दुसऱ्या टप्प्यात ३८ शहरे होती आणि त्यांत नाशिकही होते. त्या टप्प्याची मुदत ३१ मार्च २०१३ होती. तेव्हापासून तारेतून येणारा प्रत्येक सशुल्क कार्यक्रम कुलूपबंद येतो. कुलपाची किल्ली तुमच्या बॉक्समधल्या कार्डात किंवा चिपमध्ये असते आणि ती कोणाला द्यायची हे केबल कंपनीचा सर्व्हर ठरवतो. तिऱ्हाइताच्या रेकॉर्डरला ती मिळतच नाही.

अमेरिकेत यावर वेगळा मार्ग काढला गेला होता. टिव्हो नावाचा घरगुती डिजिटल रेकॉर्डर तिथे १९९९ मध्ये बाजारात आला. पुढे केबल कंपन्यांना किल्लीचे कार्ड सुटे करून द्यावे लागले आणि ग्राहक ते स्वतःच्या रेकॉर्डरमध्ये घालू लागले. त्यामुळे तिथल्या मंडळींचा ‘कंपनीचा रेकॉर्डर भाड्याने घ्यावा की स्वतःचा विकत घ्यावा’ हा वाद वर्षानुवर्षे चालला. आपल्याकडे तो वादच उद्भवत नाही. ट्रायने (दूरसंचार नियामक प्राधिकरणाने) २०२० मध्ये कोणताही बॉक्स कोणत्याही कंपनीला चालावा अशी शिफारस केली होती, परंतु आजही एका कंपनीचा बॉक्स दुसरीकडे निरुपयोगी ठरतो.

म्हणून ‘कोणता रेकॉर्डर घ्यावा’ हा प्रश्न दुकानात विचारण्यात अर्थ नाही. तो केबलवाल्याला असा विचारावा: ‘तुमच्याकडे रेकॉर्डिंग होणारा बॉक्स कोणता आहे, आणि रेकॉर्डिंगची सोय माझ्या जोडणीवर सुरू करून मिळेल का?’ अनेक एचडी बॉक्सना मागे यूएसबीची खाच असते, पण ती पाहून फसू नये. काही बॉक्समध्ये ती केवळ फोटो आणि गाणी लावण्यापुरती असते, तर काहींत रेकॉर्डिंगची सोय असूनही कंपनीने ती बंद ठेवलेली असते. बॉक्सच्या मेनूमध्ये रेकॉर्डिंग किंवा पीव्हीआर असा विभाग उघडतो का, ते केबलवाल्याच्या देखतच पाहून घ्यावे.

दुसरी गोष्ट ट्यूनरची. एकच ट्यूनर असलेल्या बॉक्सवर मालिका रेकॉर्ड होत असताना तुम्हाला बातम्या पाहता येतीलच असे नाही. केबलमध्ये ८ मेगाहर्ट्झच्या एका पट्ट्यातून साधारण ३८ मेगाबिट माहिती येते आणि त्यात दहा-बारा साध्या वाहिन्या एकत्र बसतात. एक ट्यूनर एका वेळी असा एकच पट्टा पकडतो, त्यामुळे काही बॉक्सवर त्याच पट्ट्यातली दुसरी वाहिनी पाहता येते, बाकीच्या दिसत नाहीत. घरात संध्याकाळी रिमोटवरून वाद होत असतील, तर दोन ट्यूनरचा बॉक्स मिळतो का ते जरूर विचारा.


सातपूरकरीण

गोदाकाठदादा, माझा अनुभव लिहिते, म्हणजे तुमचा मनस्ताप वाचेल.

तीन वर्षांपूर्वी आम्ही केबलच्याच एचडी बॉक्सला घरातली जुनी हार्डडिस्क जोडली. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी विचारले गेले, मुलाने ‘ओके’ दाबले आणि डिस्कवरचे सगळे फोटो गेले, कारण बॉक्स रेकॉर्डिंगसाठी डिस्क आधी फॉरमॅट करून घेतो. माझ्या भाचीच्या बारशाचे फोटो सुदैवाने दुसरीकडे होते. म्हणून सांगते, डिस्क नवीच घ्या आणि तिच्यावर दुसरे काहीही ठेवू नका.

खरा धक्का मात्र नंतर बसला. दीड वर्षाने बॉक्स बिघडला. केबलवाला माणूस चांगला होता, त्याने दुसऱ्याच दिवशी बदलून दिला, तोही त्याच कंपनीचा आणि दिसायला अगदी तसाच. डिस्क जोडली तर जुन्या कार्यक्रमांची नावे यादीत दिसत होती, पण एकही उघडेना. कंपनीच्या ग्राहक सेवेत फोन केला तेव्हा कळले की रेकॉर्डिंग ज्या बॉक्सवर होते त्याच बॉक्सच्या कुलपात बंद होते. सासूबाईंची जवळजवळ साठ तासांची कीर्तने त्या डिस्कवर आहेत. ती डिस्क आजही कपाटात आहे आणि आम्हाला ती टाकवतही नाही.

तुमच्या आईंच्या मालिकांना हे चालून जाईल, कारण त्या पाहिल्या की पुसायच्याच असतात. रथोत्सवासाठी मात्र या डिस्कवर विसंबू नका.


कॉलेजरोडकर

प्रामाणिकपणे विचारतो, या सगळ्या खटाटोपाची आज गरज आहे का? मालिका त्या त्या वाहिनीच्या ॲपवर दुसऱ्या क्षणी असतात आणि सामनेही मोबाइलवर दिसतात. यूएसबी डिस्क, ट्यूनर, कुलूप या गोष्टी मला दहा वर्षांपूर्वीच्या वाटतात. टीव्ही स्मार्ट असेल तर प्रश्नच मिटतो आणि नसेल तर टीव्हीला लावायची एक काडी घेतली की पुरे.


गोदाकाठ

कॉलेजरोडकर, आपला मुद्दा मला मान्य आहे आणि माझ्या सामन्यांपुरता तो कदाचित पुरेसाही आहे. परंतु आईला एकच रिमोट कळतो. ॲप उघडणे, त्यात मालिका शोधणे, मध्येच मागितलेला ओटीपी माझ्या फोनवरून घेणे, आणि त्या वेळी मी कारखान्यात असणे, हा प्रयोग आमच्याकडे दोन महिने करून झाला आहे. शिवाय केबलचा पॅक भरलेला असताना त्याच मालिकांसाठी ॲपची वेगळी वर्गणी भरावी लागते. आणि स्थानिक वाहिनीवरचा रथोत्सव कोणत्याही ॲपवर येत नाही.

सातपूरकरीण ताई, आपले मनापासून आभार. साठ तासांच्या कीर्तनांचे वाचून वाईट वाटले.


मोजमाप

डिस्कच्या आकाराचा प्रश्न कोणी घेतला नाही, म्हणून हिशेब मांडतो. बॉक्स चित्र नव्याने तयार करत नाही. तारेतून जे येते तेच तो कुलपासकट डिस्कवर उतरवतो. त्यामुळे किती जागा लागेल हे वाहिनी किती मेगाबिटने येते यावर ठरते. साधी वाहिनी सेकंदाला ३ मेगाबिट धरली तर तासाला १.३५ जीबी होतात आणि एचडी वाहिनी ८ मेगाबिट धरली तर तासाला ३.६ जीबी होतात. प्रत्यक्षात वाहिनीगणिक आकडा वरखाली होतो, परंतु अंदाजासाठी एवढे पुरते.

आईंच्या अर्ध्या अर्ध्या तासाच्या दोन मालिका आठवड्यातून सहा दिवस म्हणजे सहा तास, म्हणजे साध्या वाहिनीवर आठ जीबीच्या आसपास. वीस षटकांचा सामना चार तासांचा धरून एचडीमध्ये साडेचौदा जीबी घेईल. रथोत्सवाचे सहा तास धरले तरी तेही आठ जीबीच होतात. ५०० जीबीच्या डिस्कवर साधे ३७० तास किंवा एचडी १३९ तास मावतात. पाहून झालेले पुसण्याची सवय असेल तर तुम्हाला १ टीबीची गरज नाही, आणि सवय नसेल तर १ टीबीही सहा महिन्यांत भरेल. माझ्या मेहुण्याने २ टीबीची डिस्क घेतली आहे आणि त्यात त्याने न पाहिलेले, कधीही न पाहणार असलेले दोनशे चित्रपट आहेत.

आकारापेक्षा विजेकडे अधिक लक्ष द्यावे. साध्या यूएसबी खाचेतून ५०० मिलिॲम्पिअर वीज मिळते. छोटी अडीच इंची डिस्क फिरायला लागताना काही वेळा त्याच्या दुप्पट मागते. मग डिस्क टिकटिक असा आवाज करते, मध्येच दिसेनाशी होते आणि आपण डिस्क खराब आहे असे समजून ती परत करतो. अशा वेळी स्वतःचा ॲडॉप्टर असलेला यूएसबी हब मध्ये लावावा किंवा स्वतःच्या ॲडॉप्टरवर चालणारी साडेतीन इंची डिस्क घ्यावी. पेनड्राइव्ह फक्त बॉक्सची चाचणी घेण्यापुरता वापरावा. चालू कार्यक्रम थांबवून ठेवण्याची सोय सुरू असेल तर बॉक्स सतत लिहीत राहतो, आणि स्वस्त पेनड्राइव्ह हे फार काळ सहन करत नाही.

डिस्क एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट झाली तर एका फाइलला ४ जीबीची मर्यादा पडते, म्हणजे एचडीचे रेकॉर्डिंग दर सव्वा तासाच्या आत नव्या फाइलमध्ये जाते. चांगला बॉक्स हे तुकडे सलग दाखवतो. काही बॉक्स मात्र सामन्याचे चार तुकडे यादीत चार ठिकाणी दाखवतात. त्यामुळे विकत घेण्यापूर्वी किमान दोन तासांचे रेकॉर्डिंग करून पाहावे.


आडगावकर

केबलचा हट्ट सोडायला तयार असाल तर डीटीएचचा विचार करा. टाटा स्काय प्लस हा रेकॉर्डिंगचा बॉक्स २००८ मध्येच आला होता. (टाटा स्कायचे नाव २०२२ पासून टाटा प्ले झाले.) माझ्याकडे त्याचा नंतरचा एचडी बॉक्स बरीच वर्षे होता. डिस्क आतच असते, दोन ट्यूनर असतात, एका बटणावर संपूर्ण मालिकेचे रेकॉर्डिंग लावता येते आणि कार्यक्रमांचे वेळापत्रक सहसा बरोबर असते. वापरायला एवढी सोपी वस्तू मी नंतर पाहिली नाही. कोणताही जुना बॉक्स घेण्यापूर्वी मात्र तो आजही नव्याने सुरू करून मिळतो का, याची कंपनीकडे खात्री करावी. ‘नवा आहे, पडून होता’ म्हणून विकायला आलेला रेकॉर्डर जोडणीवाचून केवळ डबा ठरतो.

एक दोषही सांगतो. आषाढ-श्रावणात जोराची सर आली की सिग्नल जातो आणि तेवढ्या मिनिटांचे रेकॉर्डिंगही जाते. नाशिकच्या पावसात हे नेमके संध्याकाळी घडते, असे माझे मत झाले आहे.


नोडवाला

आडगावकरांचे म्हणणे वापराच्या सोयीपुरते अगदी बरोबर आहे. परंतु डीटीएचवर गल्लीतली स्थानिक वाहिनी येत नाही आणि गोदाकाठ यांचा मुख्य प्रश्न तिच्याशी निगडित आहे. दोन्ही जोडण्या ठेवायच्या तर दोन्हीकडे नेटवर्कचे शुल्क भरावे लागेल. या शुल्कावरची कमाल मर्यादा ट्रायने २०२४ मध्ये काढून टाकली आहे, तेव्हा केबल असो वा डीटीएच, महिन्याचा एकूण आकडा जीएसटीसह लिहून घ्यावा.

लाइट जाण्याबद्दलही सांगतो, कारण रेकॉर्डिंग फसण्याचे ते पहिले कारण आहे. घरात इन्व्हर्टर असला तरी टीव्हीचा पॉइंट त्यावर घेतलेला असतोच असे नाही. घेतला असेल तर इन्व्हर्टरवरचा स्विच यूपीएसच्या बाजूला ठेवा, नाहीतर लाइट जाताच बॉक्स क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि चालू रेकॉर्डिंग तुटते. एवढे करूनही गल्लीतला केबलचा नोड (घरोघरी सिग्नल पुरवणारा डबा) महावितरणच्याच विजेवर असेल आणि त्याला बॅटरी नसेल, तर तुमचा बॉक्स चालू राहील पण तारेत काहीच नसेल. केबलवाल्याला हा प्रश्न अवश्य विचारा. ‘नोडला बॅकअप आहे का?’ असे विचारणारा ग्राहक त्याला क्वचित भेटतो, त्यामुळे पुढे तो तुमची तक्रारही जरा लवकर घेतो.


जुनेनाशिक

एक शंका आहे. घरी असे रेकॉर्डिंग करणे कायदेशीर आहे का? आमच्या सोसायटीच्या गटात एकाने सामन्याची फाइल टाकली, त्यावरून मोठा वाद झाला.


कलमनवीस

मी वकिलीच्या व्यवसायात आहे. येथे सर्वसाधारण माहिती लिहितो, तो सल्ला समजू नये.

आपल्या कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ३७ ने प्रसारण संस्थेला तिच्या प्रसारणावर स्वतंत्र हक्क दिला आहे आणि तो २५ वर्षे चालतो. कलम ३९ मध्ये त्या हक्काला अपवाद सांगितले आहेत. रेकॉर्डिंग करणाऱ्याने स्वतःच्या खासगी उपयोगासाठी, किंवा प्रामाणिक अध्यापन वा संशोधनासाठी केलेले ध्वनी अथवा चित्रमुद्रण प्रसारण संस्थेच्या हक्काचा भंग मानले जात नाही. आईंची मालिका संध्याकाळी रेकॉर्ड करून रात्री घरात पाहणे या अपवादाच्या चौकटीत बसते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९८४ मध्ये सोनी कंपनीच्या बेटामॅक्स यंत्राच्या खटल्यात, कार्यक्रम नंतर पाहण्यासाठी घरी उतरवून ठेवणे हा न्याय्य वापर मानला होता. अर्थात तो त्यांच्या कायद्याचा भाग झाला.

मात्र ‘स्वतःच्या खासगी’ या शब्दांना महत्त्व आहे. तीच फाइल सोसायटीच्या गटात टाकणे, यूट्यूबवर चढवणे, किंवा गणपतीत मंडपात पडदा लावून दाखवणे हा खासगी उपयोग होत नाही. जुनेनाशिक, आपल्या सोसायटीतल्या वादात फाइल टाकणाऱ्याच्या बाजूने फारसे बोलता येईल असे मला वाटत नाही. बॉक्सचे किंवा डिस्कचे कुलूप तोडणारी साधने वापरण्याच्या फंदातही पडू नये, कारण त्यासाठी २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ वेगळे घातलेले आहे.


गोदाकाठ

आता चित्र बरेच स्पष्ट झाले. रोजच्या रेकॉर्डिंगसाठी केबलचाच बॉक्स घ्यावा लागेल हे पटले. पण रथोत्सव त्या कुलपातून बाहेर कसा ठेवायचा, यावर कोणी सांगेल का?


मोजमाप

बॉक्सच्या मागे पिवळी, लाल आणि पांढरी अशा तीन पिनांच्या खाचा असतील तर मार्ग आहे. यूएसबीवर चालणारे एक छोटे कॅप्चर उपकरण मिळते. त्याच्या एका बाजूला या तीन पिना जातात आणि दुसरी बाजू लॅपटॉपला जोडली जाते. चित्र ७२० बाय ५७६ बिंदूंचे, सेकंदाला २५ चौकटींचे येते. एचडी वाहिनीसाठी हे अर्थातच उतरते चित्र आहे, परंतु तुमची स्थानिक वाहिनी एचडी नसेल तर फारसे काही गमावले जात नाही. अशी फाइल कोणत्याही संगणकावर उघडते, तिच्या दोन-तीन प्रती करता येतात आणि बॉक्स बदलला तरी तिला धक्का लागत नाही. एचडीएमआयच्या तारेवर मात्र एचडीसीपी नावाचे वेगळे कुलूप असते आणि त्यामुळे साध्या कॅप्चर उपकरणावर काळा पडदा येतो. त्या वाटेला जाऊ नये.

दोन खबरदाऱ्या घ्याव्यात. लॅपटॉप मध्येच झोपी जाणार नाही अशी सेटिंग करावी. आणि आवाज व चित्र सलग तासाभरानंतरही जुळलेले राहतात का ते आधी तपासावे, कारण स्वस्त उपकरणांत ढोल-ताशा आधी वाजतो आणि टिपरू नंतर पडते. नवीन बॉक्सवर या तीन पिनांऐवजी एकच बारीक गोल खाच असते. तिची तार वेगळी मिळते, पण ती त्याच बॉक्सची असावी, कारण पिनांचा क्रम कंपनीगणिक बदलतो.


सातपूरकरीण

याहून सोपा उपाय सुचवू का? स्थानिक वाहिनीचे कार्यालय गावातच असेल. तिथे जाऊन आईंसाठी म्हणून प्रत मागून पाहा. त्यांच्याकडे मूळ चित्रण असते आणि ते तुमच्या पिवळ्या पिनेपेक्षा नक्कीच स्वच्छ असेल. फार तर ते पेनड्राइव्हचे आणि वेळेचे पैसे घेतील.


गोदाकाठ

दोन आठवड्यांनी लिहीत आहे, उशिराबद्दल क्षमस्व. मध्ये कारखान्यात दुसरी पाळी होती.

केबलवाल्याला घरी बोलावून वरचे सगळे प्रश्न विचारले. त्याच्याकडे रेकॉर्डिंगचा एकच बॉक्स होता, एका ट्यूनरचा. दोन ट्यूनरचा ‘मागवून देतो’ म्हणाला, पण कधी ते सांगू शकला नाही, म्हणून मी थांबलो नाही. बॉक्स भाड्याने न घेता विकतच घेतला, कारण बिघडल्यास हमीत दुरुस्तीसाठी आधी हाच बॉक्स परत मागण्याचा हक्क मला हवा होता. सातपूरकरीण ताईंचा अनुभव वाचला नसता तर हे सुचले नसते. पावतीवर त्याच्याकडून ‘रेकॉर्डिंग सोय सुरू’ असे लिहून घेतले. नोडला बॅटरी आहे, पण ती जुनी असल्याने अर्धा तासच टिकते, हे त्याने स्वतःहून कबूल केले.

डिस्क ५०० जीबीची, नवी घेतली. पहिल्याच दिवशी टिकटिक सुरू झाली. मोजमाप यांनी लिहिल्याप्रमाणे ॲडॉप्टरचा हब लावल्यावर ती थांबली. नंतर स्वतःच मेन स्विच पाडून पाहिला. बॉक्स पुन्हा सुरू व्हायला दोन मिनिटे लागतात आणि लावलेली वेळ त्याच्या लक्षात राहते. मात्र चालू असलेले रेकॉर्डिंग पुन्हा आपोआप सुरू होत नाही. टीव्हीचा पॉइंट इन्व्हर्टरवर घेण्यासाठी वायरमनला सांगितले आहे.

पहिल्या आठवड्यात चारपैकी तीन भागांचा शेवट कापला गेला, आणि मालिकेत जे काही घडायचे ते त्याच दोन मिनिटांत घडते, त्यामुळे आईने बॉक्स परत करायला सांगितले होते. कारण साधे होते. पडद्यावरच्या वेळापत्रकातून रेकॉर्डिंग लावले की ते घड्याळाच्या ठोक्याला बंद होते आणि मालिका चार-पाच मिनिटे पुढे सरकलेली असते. आता वेळापत्रक सोडून हाताने वेळ लावली आहे. सोमवार ते शनिवार, पाच मिनिटे आधीपासून दहा मिनिटे नंतरपर्यंत. दोन्ही मालिका एकाच वाहिनीवर लागोपाठ असल्याने त्यांचे एकच सलग रेकॉर्डिंग होते आणि एका ट्यूनरने भागते. आईला यादीतले सर्वांत वरचे नाव निवडून बटण दाबायचे एवढेच शिकवले आहे. ज्या संध्याकाळी मी सामना लावतो तेव्हा तिची मालिका राहते, म्हणून सामन्यांसाठी कॉलेजरोडकर यांचा मार्ग स्वीकारून ॲपच घेतले. त्यांना हे वाचून समाधान वाटेल.

रथोत्सवाबाबत दोन्ही वाटा धरल्या आहेत. वाहिनीच्या कार्यालयात जाऊन आलो. तिथल्या गृहस्थांनी गेल्या वर्षीचे चित्रण शोधून पाहतो असे सांगितले, आश्वासन दिले नाही. म्हणून कॅप्चर उपकरणही आणून ठेवले आहे. काल स्थानिक बातम्यांवर अर्धा तास चाचणी घेतली, तेव्हा चित्र ठीक आले, पण शेवटी शेवटी निवेदिकेचे ओठ आवाजाच्या मागे पडू लागले. मोजमाप, यावर काही उपाय आहे का, की उपकरणच बदलावे?


मोजमाप

उपकरण बदलण्याआधी लॅपटॉपच्या दुसऱ्या यूएसबी खाचेत लावून पाहा. मध्ये हब असेल तर तो काढा आणि आवाजाचा दर प्रोग्राममध्ये ४८ किलोहर्ट्झवर ठेवा. तरीही फरक पडत राहिला तर सहा तासांचे एकच रेकॉर्डिंग न करता दर अर्ध्या तासाला थांबवून नवे सुरू करा. प्रत्येक वेळी जुळणी शून्यापासून सुरू होते, त्यामुळे फरक जाणवण्याइतका वाढत नाही. मात्र थांबवण्यासाठी कोणीतरी लॅपटॉपपाशी बसलेले हवे.


गोदाकाठ

खाच बदलली आणि हब काढला. आता पाऊण तासानंतरही ओठ आणि आवाज जुळलेले आहेत. कामदा एकादशीला अजून अवकाश आहे, तोवर दर रविवारी सलग दोन-दोन तास चाचणी घेऊन पाहीन. त्या दिवसासाठी मात्र रजेचा अर्ज आजच टाकला आहे.